‘बाय द वे’वर बंदी

आमच्या घरात महत्त्वाची गोष्ट समोरासमोर बसून सांगायची पद्धत नाही. ती दारात सांगतात. एक चप्पल पायात, दुसरी शोधता शोधता, पाठ अर्धी फिरवून. आणि सुरुवात ‘बाय द वे’ने करायची.

ही प्रथा माझ्या नवऱ्याने घरात आणली. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला आम्ही सासरी जळगावला गेलो होतो. फराळ झाला, गप्पा झाल्या, पत्त्यांचे डाव झाले, पण या गृहस्थाने चकार शब्द काढला नाही. परत निघताना रिक्षा दारात उभी होती आणि सासूबाई आमच्या हातावर दही घालत होत्या. तेव्हा हा म्हणाला, ‘‘बाय द वे, मला लखनौच्या संशोधन संस्थेत नोकरी मिळालीय.’’ सासूबाईंचा चमचा तसाच हवेत राहिला. मीही दही चाटायची थांबले, कारण बायको असूनही मला ते तेव्हाच कळत होतं. रिक्षावाल्याने मात्र ‘‘अरे वा, अभिनंदन’’ म्हटलं.

मीही काही कमी नाही. लखनौला आल्यावर मला दिवस गेले तेव्हा मी मुद्दाम सकाळपासून गप्प राहिले. नवरा खाली जाऊन स्कूटरला किक मारेपर्यंत थांबले आणि मग गॅलरीतून ओरडले, ‘‘बाय द वे, आपल्याला बाळ होणारे!’’ स्कूटर बंद पडली. तो जिना चढून वर येईपर्यंत खालच्या मजल्यावरच्या आपा मिठाई घेऊन त्याच्या आधी आमच्या दारात पोचल्या होत्या. त्यांना मराठी येत नाही, पण ‘बाळ’ आणि माझा आवाज एवढं त्यांना पुरलं.

इंग्रजीतला हा ‘बाय’ मला शाळेपासून ओळखीचा. आई पाढे ‘बाय हार्ट’ करून घ्यायची, म्हणजे त्यात हार्टाचा काही संबंध नसे, पाठीचा असे. पुढे लक्षात आलं की आपली मोठमोठी कामं हाच शब्द करतो. ‘‘कप माझ्या हातून फुटला’’ म्हटलं की मी फोडलेला असतो. ‘‘बाय मिस्टेक फुटला’’ म्हटलं की तो कुणीच फोडलेला नसतो. जेवणाच्या वेळी कुणाकडे जायचं असेल तर ‘बाय चान्स’ जावं, पानं आपोआप वाढली जातात. ‘‘मी बाय नेचर शांत आहे,’’ हे माझा नवरा कायम वरच्या पट्टीत सांगतो. त्याचे साहेब एखादा अहवाल वाचलेला नसला की मीटिंगमध्ये ‘‘बाय अँड लार्ज, चांगला आहे,’’ म्हणतात. आणि आमची लेक जेव्हा ‘‘बाय गॉड’’ म्हणते तेव्हा पुढचं वाक्य नीट तपासून घ्यावं लागतं.

या सगळ्यांत वस्ताद म्हणजे ‘बाय द वे’. आव असा की विशेष काही नाही, जाता जाता आठवलं म्हणून सांगतो. आणि त्याच्या आडून घरातलं सगळ्यात जड सामान आत येतं.

लखनौ आम्हाला मानवलं ते यामुळेच. इथे हीच कला आमच्याहून मुरलेली आहे. आपांचंच घ्या. त्यांच्या भावाचं चौकात चिकनकारीच्या कपड्यांचं दुकान आहे आणि त्यांचं स्वतःचं दुकान म्हणजे आमचा जिना. त्या वर येतात, चहा घेतात, दसहरी आंब्याच्या भावापासून माझ्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांची विचारपूस करतात, उठतात, दुपट्टा सावरतात, दोन पायऱ्या उतरतात आणि मग थबकून म्हणतात, ‘‘अरे हाँ, एक बात तो रह ही गई।’’ त्या फक्त त्या एका गोष्टीसाठी आलेल्या असतात. मी आता त्यांना निरोप द्यायला नेहमी तिसऱ्या पायरीपर्यंत जाते.

आमची मुलगी या दोन घराण्यांच्या मधोमध वाढली. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं, तेही इथल्या ‘हम’मध्ये. ‘‘जेवलीस का?’’ ‘‘हाँ आई, हम खा चुके।’’ मला ‘आप’ म्हणते, त्यामुळे तिच्यावर रागावताना आपण सरकारी कचेरीत आहोत असं वाटतं. ती अमौसीला विमानतळावर एका विमान कंपनीत काम करते. दिवसभर काउंटरवर उभं राहून दुसऱ्यांच्या बॅगा तोलायच्या आणि जाणाऱ्यांना कुठल्या दाराने जायचं ते सांगायचं, हे तिचं काम.

गेल्या उन्हाळ्यात तिने बढतीची मुलाखत दिली. हे आम्हाला अर्थातच दारात कळलं. मिळाली तर दुसऱ्या शहरात जावं लागेल, असंही ती बुटाची नाडी बांधताना म्हणाली होती. पुढे काही बोलली नाही, मग मीही तो विषय सोयीस्करपणे विसरले.

दिवाळीच्या थोडं आधी मी आपांचा डबा परत द्यायला खाली गेले. डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात चिवडा घातला होता. आपा चिवडा काढायला आत गेल्या आणि मला त्यांच्या दिवाणामागे एक नवी कोरी, भली मोठी बॅग दिसली. हँडलला हिरवी चिंधी बांधलेली होती. ती चिंधी मी कुठेही ओळखली असती. माझ्या मुलीच्या शाळेच्या वयातल्या एका दुपट्ट्याची ती चिंधी. तिच्या प्रत्येक बॅगेला ती असते, कारण पट्ट्यावर सगळ्यांच्या काळ्या बॅगा एकसारख्या दिसतात आणि लोक भांडतात, हे ती रोज बघते.

माझी नजर कुठे आहे हे आपांनी पाहिलं. ‘‘हमारी भांजी की है,’’ त्या घाईने म्हणाल्या. त्यांची भाची कानपूरला राहते आणि इथे येते ती कापडी पिशवी घेऊन.

‘‘अच्छी है,’’ मी म्हटलं आणि वर आले.

जिन्यातच मला सगळा उलगडा झाला. बढती मिळाली होती, बॅग घेऊन झाली होती, आता ती फक्त योग्य दार आणि योग्य चप्पल शोधत होती. मला फार वाईट वाटलं. आम्हाला एकच मूल. नवरा निवृत्त झाला की आपण तिघं महाराष्ट्रात परत जाऊ, असा बेत मी मनातल्या मनात कितीतरी वर्षं करत होते, आणि त्यात तिने आधीच एकटीने कुठे जायचं हे बसत नव्हतं. मला ती बातमी ऐकायचीच नव्हती. मग मी बसून विचार केला आणि मला एक सुंदर युक्ती सुचली. त्या युक्तीचा मला अजूनही अभिमान आहे.

रविवारी पोहे खाताना मी जाहीर केलं की या घरात भाषेचं पार वाटोळं झालंय. ऊठसूट बाय हे आणि बाय ते. आजपासून जो कुणी ‘बाय’ घातलेला इंग्रजी शब्दप्रयोग करील त्याने हातातलं काम टाकून सगळ्यांसाठी चहा करायचा.

नवरा खूश झाला. मी हरणार याची त्याला खात्री होती. त्याने लगेच पोटनियम काढला की घराबाहेर पडताना हात हलवून म्हणतात तो ‘बाय’ यात धरायचा नाही. मी म्हटलं, तोही धरा. तो म्हणाला, ‘‘अगं, मग घरातून कुणी जाऊच शकणार नाही.’’ मला तेच हवं होतं, पण ते बोलून दाखवता येईना.

मुलगी चमच्याने पोहे इकडून तिकडे करत बसली होती. ‘‘सब मना है? ‘बाय द वे’ भी?’’ तिने विचारलं.

‘‘तो तर आधी,’’ मी म्हटलं.

पहिला बळी नवराच गेला. पोहे संपायच्या आत म्हणाला, ‘‘मी बाय नेचरच नियम पाळणारा माणूस आहे.’’ दुपारी पुन्हा अडकला. सुताराला फोनवर दिवाणाचं माप सांगत होता, ‘‘छह बाय...’’ आणि आम्ही दोघी एकदम उठून उभ्या राहिलो. मात्र शिक्षा त्याला झाली की आम्हाला, हे सांगणं कठीण. हा माणूस प्रयोगशाळेतल्यासारखं पाणी मोजून घेतो, चहापत्ती तोलून घेतो आणि शेवटी जे बनतं ते आम्हाला प्यावं लागतं.

मी स्वतः डोळ्यांत तेल घालून बोलत होते. बँकेतल्या माझ्या नोकरीत दिवसभर ‘बाय चेक’ आणि ‘बाय हँड’ करून घरी आल्यावर जिभेला लगाम घालणं सोपं नव्हतं. पण माझं लक्ष मुलीकडे होतं. सकाळी ड्यूटीवर निघताना गळ्यात कंपनीचा स्कार्फ, एक बूट पायात, दुसरा हातात, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून म्हणायची, ‘‘आई, बा...’’

मी लगेच स्वयंपाकघरातून पातेलं आपटायचे. ‘‘चहा टाकतेस का?’’

‘‘कुछ नहीं।’’ खाली कॅबचा हॉर्न वाजायचा आणि ती निघून जायची.

दुसरे शब्द वापरून सांगता आलं नसतं का? आलं असतं. पण मग तिला माझ्यासमोर बसून, माझ्याकडे बघून सांगावं लागलं असतं, आणि ते आमच्याकडे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. म्हणून ती रोज गिळून जायची आणि मी रोज एक सकाळ जिंकायचे. आपा एकदा जिन्यात भेटल्या, त्यांनी दुपट्टा सावरला, थबकल्या, ‘‘अरे हाँ,’’ म्हणाल्या. मी गॅसवर दूध आहे असं सांगून पळाले.

मग आम्ही अमीनाबादच्या बाजारात गेलो. मला हळदीकुंकवासाठी ब्लाऊजपीस घ्यायचे होते आणि मुलगी आपणहून म्हणाली, ‘‘हम भी चलते हैं।’’ एरवी अमीनाबादचं नाव काढलं की तिचं डोकं दुखतं. मला संशय आला, पण सोबत हवीच होती. रिक्षातून उतरून गर्दीतून वाट काढत आम्ही माझ्या नेहमीच्या दुकानात पोचलो. गादीवर बसल्यावर मी म्हटलं, ‘‘भैया, ब्लाउज़ के लिए कपड़ा दिखाइए।’’

‘‘कौन सा, बहन जी?’’

मी तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या कापडाचे ब्लाऊज मी जन्मभर शिवत आले त्याचं नावच मुळी ‘टू बाय टू’. दुसरं नाव त्याला असेल तर मला माहीत नाही. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

‘‘वही,’’ मी म्हटलं. ‘‘जो हमेशा लेते हैं।’’

‘‘रेशमी?’’

‘‘नहीं, सूती। पतला वाला। जो... दोनों तरफ़ से बराबर होता है।’’

दुकानदाराने आदबीने खण दाखवले, मलमल दाखवली, अस्तराचं कापडही दाखवलं. या शहरात गिऱ्हाइकाला ‘तुमचं डोकं ठिकाणावर आहे का’ असं कुणी विचारत नाही, ते आणखी एक ठाण उलगडतात. माझ्यासमोर कापडांचा ढीग झाला. मुलीने दुपट्टा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. शेवटी मी हात टेकले. ‘‘टू बाय टू, भैया! टू बाय टू!’’

‘‘तो ये कहिए न,’’ तो बिचारा म्हणाला.

‘‘चाय!’’ माझी मुलगी भर दुकानात ओरडली. शेजारच्या गादीवरच्या बायकाही हसायला लागल्या. मलाही हसू आवरेना.

घरी जाऊन करायचा तो चहा, पण ती हप्ता आत्ताच घेणार म्हणाली. नाक्यावरच्या टपरीवर आम्ही मातीचे कुल्हड हातात घेऊन उभ्या राहिलो. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघीच बाहेर आलो होतो. तिने कुल्हडात फुंकर मारली, वर पाहिलं आणि म्हणाली, ‘‘आई, हम न...’’

बूट दोन्ही पायांत होते. दार कुठेच नव्हतं. ती खरोखर समोर उभी राहून सांगायला लागली होती.

‘‘ती लेस बघितलीस का?’’ मी म्हटलं. ‘‘काय भाव सांगत होता मेला! मागच्या वेळी याच्या निम्म्यात दिली होती...’’ मी लेसवर बोलत राहिले, मग बटणांवर, मग हूकवर. बोलता बोलता तिच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलेलं मला दिसलं. तिने उरलेला चहा ओतून दिला आणि कुल्हड ठेवून रिक्षाला हात केला. वाटेत ती बाहेरची दुकानं बघत बसली. मी माझ्या युक्तीवर भलतीच खूश होते, पण त्या रिक्षात माझी खुशी उतरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बँकेतून आले तर स्वयंपाकघरात मुलगी होती. ही मुलगी सहसा तिकडे फिरकत नाही. नवरा सोफ्यावर पेपर घेऊन बसला होता. तो पेपर सकाळीच वाचून झाला होता हे मला माहीत होतं. मुलगी ट्रे घेऊन आली. तीन कप चहा. एक बाबांसमोर ठेवला, एक माझ्यासमोर, एक स्वतःसाठी. मग माझ्या समोरच्या खुर्चीत बसली.

‘‘कुणी काय म्हटलं?’’ मी विचारलं. ‘‘हा कसला चहा?’’

‘‘एडवांस में है,’’ ती म्हणाली आणि तिने लांब श्वास घेतला. ‘‘बाय द वे, हमें नागपुर मिल रहा है। ट्रेनिंग टीम में। कल शाम तक हाँ या ना बोलना है।’’

मी कप उचलला आणि एक घोट घेतला.

‘‘साखर कमी आहे,’’ मी म्हटलं. दुसरं काही बोलायला गेले असते तर रडले असते.

‘‘आई।’’

‘‘ती हिरव्या चिंधीची बॅग वर कधी आणणारेस? आपांच्या भाचीला लागली तर?’’

तिने डोळे विस्फारले. ‘‘आपको पता था?’’ मग बाबांकडे वळली. नवऱ्याने पेपर अजून वर धरला.

‘‘मला परवा कळलं,’’ तो पेपरामागून म्हणाला. ‘‘जिन्यात. आपा ‘अरे हाँ’ म्हणाल्या आणि मी थांबलो.’’

म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि इतके दिवस आम्ही एकमेकांना नुसता चहा पाजत होतो. मुलगी हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ‘‘आप मना करेंगी तो हम नहीं जाएँगे,’’ ती म्हणाली. ‘‘सच में। नाराज़ भी नहीं होंगे।’’ बाय गॉड म्हणाली नाही, त्यामुळे ते खरं आहे हे मला कळलं.

मी कप उचलले आणि विसळायला गेले. नागपूर. जिथे आम्ही तिघांनी परत जायचं असं मी मनात ठरवत होते त्याच मुलखात ती एकटी चालली होती आणि ज्या मराठीत ती मला कधी उत्तर देत नाही ती तिथे दिवसभर तिच्या कानावर पडणार होती. ‘नको’ म्हणणं अगदी सोपं होतं. एक शब्द, आणि ती राहिली असती. रोज सकाळी तशीच चौकटीला टेकून उभी राहिली असती, फक्त आता सांगण्यासारखं काही नसतं. ते चित्र काही मला बघवेना.

सकाळी ती नेहमीसारखी निघाली. स्कार्फ, एक बूट पायात, एक हातात. माझ्याकडे बघत होती, पण विचारत नव्हती. नवरा उगाच दाराजवळच्या खुंटीवरच्या छत्र्या नीट लावत होता. खाली आपांचं दार किलकिलं होतं, ते मी वरूनच पाहिलं. कॅबचा हॉर्न वाजला. तिने दुसरा बूट पायात घालायला घेतला.

‘‘बाय द वे,’’ मी म्हटलं.

तिचा हात नाडीवरच थांबला.

‘‘नागपूरला ऊन फार असतं. सुती कपडे जास्त घे. टू बाय टूचे दोन कुर्ते मी शिवून देते.’’

छत्री खाली पडली. मग माझ्या मुलीने नाडी सोडली, बूट काढून बाजूला ठेवला आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशी येऊन खुर्चीत बसली.

‘‘कॅब उभी आहे,’’ मी म्हटलं. ‘‘उशीर होईल.’’

‘‘चाय,’’ ती म्हणाली. ‘‘दो बार बोला आपने।’’

नियम माझाच होता. मी आत गेले आणि चहा टाकला. हॉर्न वाजत राहिला. आपांनी खालून ड्रायव्हरला आधी गोड शब्दांत आणि मग तितक्या गोड नसलेल्या शब्दांत गप्प केलं. मी कप आणून तिच्या हातात दिला आणि समोर बसले. तिने एक घोट घेतला आणि कपावरून माझ्याकडे बघत राहिली.

‘‘आई,’’ ती म्हणाली, एकेक शब्द जपून ठेवत, ‘‘साखर कमी आहे.’’

मी उठले आणि साखरेचा डबा घेऊन आले.